अण्णांच्या पिशवीतले तीन कागद : प्रोस्टेटच्या कॅन्सरला रेडिएशन कोणतं?

आमच्या शेजारचे अण्णा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चाळीस वर्षं चादरीच्या मागांवर काम करून निवृत्त झाले. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो, म्हणून त्यांच्यासाठी मी ‘सर’. २०२५ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी ते कापडी पिशवी घेऊन आले आणि त्यातले तीन कागद माझ्या टेबलावर ओळीनं मांडले. पहिल्यावर रेडिएशनची वीस सिटिंग, म्हणजे वीस वेळा जाऊन घ्यायचं, असं लिहिलेलं, दुसऱ्यावर पाच. तिसरा गुळगुळीत, रंगीत. त्यावर प्रोटॉन.

‘‘सर, रोग एक, माणूस मी एक. मग इलाज तीन तऱ्हेचा कसा काय?’’

त्याच आठवड्यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाल्याची बातमी आली होती. तो हाडांपर्यंत पसरलेला होता. टीव्हीवर ते ऐकून काकूंनी दोन दिवस नीट जेवण केलं नव्हतं. म्हणून अण्णांना सगळ्यात आधी मी एवढंच सांगितलं, की तुमचा रोग त्या बातमीतला नाही. तुमचा अजून घरातच आहे, उंबरा ओलांडून बाहेर पडलेला नाही. हा लेख त्या घरातल्या रोगाबद्दलच आहे.

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघांनी ते कागद वाचले, डॉक्टरांना प्रश्न विचारले, मी माझ्या परीनं संशोधन चाळलं. इथल्या बऱ्याच घरांत आता अशाच पिशव्या असतील, म्हणून लिहून ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही. उपचार ठरवायचा तो तुमच्या कॅन्सरतज्ज्ञाबरोबर बसूनच.

आधी जागा बघू

प्रोस्टेट ही पुरुषाच्या ओटीपोटात खोल बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. तिच्या वर लघवीची पिशवी, मागे गुदाशय, आणि लघवीची नळी थेट तिच्या पोटातून जाते. सोलापूरच्या पूर्व भागातली जुनी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच कळेल. दोन घरांत भिंत एकच. मधल्या घरात काही करायचं तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना धक्का लागू न देता करावं लागतं. प्रोस्टेटच्या रेडिएशनची गेल्या तीस वर्षांतली सगळी धडपड या एका भिंतीभोवती चालली आहे.

रोग किती जोरकस आहे हे मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरतं. एक, पीएसए. हे प्रोस्टेटनं तयार केलेलं प्रथिन रक्तात मोजता येतं. दोन, बायप्सीतला ग्लिसन स्कोअर. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याचे हे गुण, सहापासून दहापर्यंत. तीन, तपासणीत आणि एमआरआयमध्ये गाठ ग्रंथीच्या आत आहे की कवच फोडून बाहेर आली आहे.

पीएसए दहाच्या आत, ग्लिसन सहा आणि गाठ लहान असेल तर धोका कमी. पीएसए दहा ते वीस किंवा ग्लिसन सात असेल तर मध्यम. पीएसए वीसच्या वर, ग्लिसन आठ ते दहा किंवा गाठ कवचाबाहेर, यातलं काहीही असेल तर जास्त. अण्णांचं पीएसए ८.६ आणि ग्लिसन तीन अधिक चार, म्हणजे सात. मध्यम गटातली सौम्य बाजू.

तुमचा गट कोणता हे माहीत नसताना कोणतं मशीन चांगलं, या प्रश्नाला अर्थच नाही. तिन्ही कागदांवर मशीनचं नाव ठळक होतं. गट मात्र एकाही कागदावर लिहिलेला नव्हता. तो मी डॉक्टरांना विचारून पेननं लिहून घेतला.

काहीच केलं नाही तर?

कमी धोक्याच्या गटाला हा पर्याय खरोखर असतो. ठरावीक काळानं पीएसए, एमआरआय, गरज पडली तर पुन्हा बायप्सी, आणि रोगानं हालचाल केली तरच उपचार. कॅन्सर अंगात ठेवून शांत बसायचं ही कल्पनाच आपल्याकडच्या घरांना सोसत नाही. पण ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ नावाच्या अभ्यासात १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं होतं: नुसती देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन. सगळ्यांचा कॅन्सर ग्रंथीपुरताच होता. पंधरा वर्षांनंतरचे निकाल २०२३ मध्ये आले. प्रोस्टेटच्या कॅन्सरनं मरण पावलेले देखरेख गटात ३.१ टक्के, ऑपरेशन गटात २.२ टक्के, रेडिएशन गटात २.९ टक्के. तिन्हींत मोठा फरक नाही. रोग पसरण्याचं प्रमाण मात्र देखरेखीत जास्त होतं, ९.४ टक्के. उपचार घेतलेल्या दोन्ही गटांत ते पाचच्या आसपास.

अण्णांना देखरेख नको होती. ‘‘रात्री झोप लागायची न्हाई मला,’’ म्हणाले. ते कारण मला पुरेसं वाटलं.

‘शेक’ म्हणतात, पण ऊब कुठेच नाही

आपल्याकडे रेडिएशनला कोणी ‘लाईट’ म्हणतं, कोणी ‘शेक’, कोणी ‘करंट’. शेक या शब्दानं फार घोटाळा केला आहे. लोकांना वाटतं, आतून भाजतात.

इथे मला माझा विषय कामाला आला. रेडिएशन ग्रे या एककात मोजतात. एका किलो शरीरात एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. अण्णांना वीस सिटिंगांत मिळून ६० ग्रे मिळणार होते. एवढ्या सगळ्या ऊर्जेनं एक किलो पाणी तापवायला घेतलं, तर ते एका अंशाच्या सत्तराव्या भागाएवढं तापेल. चहाचा एक घोट पोटाला याहून जास्त ऊब देतो.

मग पेशी मरते कशानं? हे किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. तुटके धागे घेऊन पेशी जगत राहते, पण दोन व्हायला जाते तेव्हा तिला ते जमत नाही आणि ती मरते. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशी फार सावकाश वाढतात, म्हणून मरतातही सावकाश. उपचार संपल्यावर महिनोन्महिने. ही गोष्ट लक्षात ठेवा, पीएसएच्या वेळी ती पुन्हा लागेल.

अण्णा म्हणाले, हे तर जॅकार्ड

पूर्वी बाहेरून रेडिएशन द्यायचं म्हणजे चारी बाजूंनी चौकोनी झोत सोडायचे. अक्रोडासाठी अख्खी पेटी भाजून काढायची. त्या पेटीत गुदाशय आणि मूत्राशयाचा मोठा तुकडा यायचा, त्यामुळे डोस वाढवता येत नसे. आणि डोस कमी पडला की रोग उलटायचा.

आताच्या लिनॅक या रेडिएशन देणाऱ्या मशीनच्या तोंडाशी टंगस्टनच्या पातळ पट्ट्या असतात. बऱ्याच मशीनमध्ये १२०. प्रत्येक पट्टी स्वतंत्र मोटरवर आतबाहेर सरकते आणि झोताला हवा तो आकार देते. झोत चालू असतानाही पट्ट्या सरकत राहतात, त्यामुळे एकाच झोतात कुठे दाट, कुठे विरळ असं किरणांचं विणकाम होतं. याला आयएमआरटी म्हणतात. हेच काम मशीन रुग्णाभोवती फिरत असताना केलं की व्हीमॅट. अगदी थोड्या मिनिटांत होतं.

मी कागदावर आकृती काढत होतो. अण्णांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली. ‘‘म्हणजे जॅकार्ड की हो, सर. साध्या मागाला ताण्याचे धागे गठ्ठ्यानं उचलायचे, पट्टा नाहीतर चौकडा, त्याच्यापुढं काय न्हाई. जॅकार्डला एकेक दोरा येगळा उचलता येतो. म्हणून तर चादरीवर मोर येतो.’’ चाळीस वर्षं पंचकार्ड वाचलेल्या माणसानं एका वाक्यात जे सांगितलं, ते मला तासभर सांगून जमलं नसतं.

पण नक्षी कितीही सुबक असली आणि कापडच सरकलं तर? प्रोस्टेट रोज त्याच जागी नसतं. लघवीची पिशवी भरलेली, गुदाशयात वायू, एवढ्यानं ते काही मिलिमीटर हलतं. म्हणून प्रत्येक सिटिंगच्या आधी त्याच टेबलावर स्कॅन करून जागा जुळवतात. त्याला आयजीआरटी म्हणतात. काही ठिकाणी आधीच ग्रंथीत सोन्याचे बारीक कण सोडतात, खुणेला. माझ्या मते कोणत्याही रुग्णालयात विचारायचा पहिला प्रश्न हाच: रोजच्या रोज स्कॅन करून जागा जुळवता का? मशीनचं वय, रंग, जाहिरात, सगळं त्याच्यानंतर.

जाहिरातींतली आणखी एक गफलत. सायबरनाईफ, ट्रूबीम, हॅल्सियन ही मशीनची नावं आहेत. आयएमआरटी, एसबीआरटी (पाच सिटिंगांची, ती पुढे येतेच) या पद्धती. एकच पद्धत वेगवेगळ्या मशीनवर नीट करता येते. आणि सायबरनाईफमध्ये चाकू नसतो. यंत्रमानवाच्या हातावर बसवलेलं लहान लिनॅक असतं, एवढंच.

वीस की पाच?

खरा पेच इथे होता. अण्णांची शंका सरळ होती: पाचच दिवस देणारा कमी औषध देत असणार.

रेडिएशन तुकड्यातुकड्यांनी का देतात ते आधी बघू. रोजच्या लहान माऱ्यानंतर निरोगी पेशी रात्रीतून आपले धागे सांधून घेतात. बहुतेक कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. म्हणून चाळीस दिवस थोडं थोडं. प्रोस्टेटचा कॅन्सर इथे वेगळा निघाला. सावकाश वाढणाऱ्या या पेशी लहान माऱ्यातून स्वतःला चांगल्या सावरतात. मोठ्या माऱ्यानं मात्र त्या आसपासच्या निरोगी पेशींपेक्षाही जास्त खचतात. म्हणजे या रोगाला रोज एक टपली मारून फारसं होत नाही. थोडे पण जोराचे घाव त्याला जास्त लागतात. बेरजेत ग्रे कमी दिसले तरी परिणाम तेवढाच.

हे नुसतं गणित राहिलेलं नाही. ब्रिटनच्या ‘चिप’ अभ्यासात ३,२१६ पुरुष होते. ३७ सिटिंगांत ७४ ग्रे आणि २० सिटिंगांत ६० ग्रे यांची तुलना झाली. पाच वर्षांनी रोग न उलटलेले अनुक्रमे ८८.३ आणि ९०.६ टक्के. २०१६ मध्ये हे निकाल आले आणि चार आठवड्यांचा उपचार जगभर रूढ झाला. अण्णांचा पहिला कागद तो. पुढे २०१९ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्कमधला अभ्यास आला: ३९ सिटिंग विरुद्ध सात. पाच वर्षांनी दोन्हीकडे ८४ टक्के.

मग २०२४ मध्ये ‘पेस-बी’. कमी आणि मध्यम धोक्याचे ८७४ पुरुष. अर्ध्यांना पाच सिटिंगांत ३६.२५ ग्रे, बाकीच्यांना ३९ किंवा २० सिटिंग. पाच वर्षांनी रोग काबूत असलेले पाच सिटिंगवाल्यांत ९५.८ टक्के, जास्त सिटिंगवाल्यांत ९४.६. म्हणजे बरोबरी. या पाच सिटिंगांच्या पद्धतीला एसबीआरटी म्हणतात.

इथपर्यंत जाहिरातीतही असतं. पुढचं नसतं. त्याच अभ्यासात औषधोपचार घ्यावा लागेल इतपत लघवीचा त्रास पाच वर्षांत कधी ना कधी झालेले पाच सिटिंगांच्या गटात २६.९ टक्के, दुसऱ्या गटात १८.३. जन्माचा त्रास नव्हे, बराचसा येऊन जाणारा. पण फरक आहे. ज्यांना आधीच रात्री चार वेळा उठावं लागतं, धार बारीक आहे, प्रोस्टेट फार मोठं झालेलं आहे, त्यांनी पाचचा हट्ट धरण्याआधी हा आकडा डॉक्टरांसमोर ठेवावा.

दुसरं असं, की वीसपैकी एका दिवशी नेम दोन मिलिमीटर चुकला तर नुकसान विसाव्या भागाचं. पाचपैकी एका दिवशी चुकला तर पाचव्या भागाचं. म्हणून पाच सिटिंगांना हात अधिक सरावलेला हवा, चांगला एमआरआय हवा, खूण हवी. एमआरआय जोडलेल्या मशीनवर दर वेळी जागा बघून दिलं, तर सुरुवातीचा लघवीचा त्रास कमी होतो, असं अमेरिकेतल्या एका तुलनेत २०२३ मध्ये दिसलं. काही जण प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्यामध्ये विरघळणारं जेल भरून दोघांत अंतर पाडतात. चांगलं आहे, महाग आहे, सगळ्यांना लागतंच असं नाही.

मुळाशी ठिबक

सांगोल्याच्या डाळिंबाला मोकाट पाणी कोणी देत नाही, मुळाशी ठिबक लावतात. रेडिएशनचंही तसं करता येतं. त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. एका तऱ्हेत आयोडीन-१२५ चे तांदळाएवढे दाणे ग्रंथीत कायमचे ठेवतात. साधारण साठ दिवसांत त्यांचा जोर निम्मा होतो आणि पुढे विझत जातो. दुसरीत भूल देऊन ग्रंथीत पोकळ सुया घालतात, त्यांतून इरिडियम-१९२ चा स्रोत काही मिनिटं फिरवून परत काढून घेतात. अंगात काही उरत नाही.

किरणं आतून असल्यामुळे शेजाऱ्यांना कमी लागतात आणि ग्रंथीला भरपूर मिळतात. मोठ्या धोक्याच्या रोगात बाहेरच्या रेडिएशनला याची जोड दिली तर रोग उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हे पाहिलेलं आहे. पण त्याबरोबर लघवीच्या वाटेचा त्रास वाढतो, हेही त्याच अभ्यासांत आहे. हे हातकसबाचं काम आहे. जिथे ते नेहमी होतं तिथेच करून घ्यावं. आधी प्रोस्टेट खरवडण्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा ग्रंथी फार मोठी असेल, तर बहुधा नाहीच म्हणतात.

तो रंगीत कागद

प्रोटॉनची भौतिकी सुंदर आहे, वर्गात शिकवताना मला नेहमी आवडायची. क्ष-किरण शरीरात शिरतात, वाटेत थोडी थोडी ऊर्जा टाकत पलीकडून बाहेर पडतात. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर जाऊन बहुतेक ऊर्जा तिथेच टाकतो आणि थांबतो. पलीकडे काही जात नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या गाठींत याचं मोल खरोखर मोठं आहे. चेन्नईत २०१९ पासून हा उपचार मिळतो आणि खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२३ पासून.

पण प्रोस्टेटला? अमेरिकेत ४५० पुरुषांवर प्रोटॉन आणि आयएमआरटी यांची समोरासमोर तुलना झाली. २०२४ मध्ये निकाल मांडले गेले: दोन वर्षांनी शौचाच्या त्रासात फरक नाही, रोगाच्या ताब्यातही नाही. खर्च मात्र कित्येक पट. अण्णांचा मुलगा त्यासाठी बाळेगावाकडची जागा विकायला निघाला होता. मी त्याला घरी बोलावून आकडे दाखवले आणि स्पष्ट सांगितलं, की माझे वडील असते तर मी विकली नसती. हा माझा सल्ला म्हणून नव्हे, पण माझं ठाम मत म्हणून इथेही लिहितो.

‘‘कापून टाकलं तर मुळासकट जाईल ना?’’

हा प्रश्न काकूंचा. ‘आत काही ठेवू नका’ या भावनेला मी हसत नाही, ती फार खरी आहे. पण वर दिलेले पंधरा वर्षांचे आकडे पाहा. ऑपरेशन आणि रेडिएशन यांत जीव वाचण्याच्या बाबतीत निवड करण्यासारखं अंतर नाही. फरक आहे तो नंतरच्या दिवसांचा. त्याच ‘प्रोटेक्ट’मध्ये सहा महिन्यांनी लघवी गळते म्हणून पॅड वापरणारे ऑपरेशन गटात ४६ टक्के होते, रेडिएशन गटात पाच. सहा वर्षांनी १७ आणि चार. शौचाचा त्रास, मधूनच रक्त जाणं, हे मात्र रेडिएशनच्या वाट्याला जास्त. लैंगिक ताठरता दोन्हींत कमी होते, ऑपरेशननंतर लगेच आणि जास्त, रेडिएशननंतर हळूहळू. या शेवटच्या गोष्टीबद्दल आपल्याकडे डॉक्टरही बोलत नाहीत आणि रुग्णही. अडुसष्टाव्या वर्षी काय करायचंय, असं दुसऱ्यानं ठरवू नये. विचारावं.

ऑपरेशनच्या बाजूनं एक मुद्दा रास्त आहे. ऑपरेशननंतर रोग उलटला तर रेडिएशन देता येतं. उलट क्रमानं, रेडिएशननंतर ऑपरेशन, फार अवघड होतं. पन्नाशीतल्या माणसाला हे जास्त लागू पडतं. आणि ज्याची लघवी तुंबलेलीच आहे त्याला ऑपरेशननं दोन्ही कामं होऊ शकतात.

धोका जास्त असेल तर

मग नुसतं रेडिएशन पुरत नाही. पुरुष संप्रेरक या कॅन्सरचं खत आहे, ते तोडण्याची इंजेक्शनं बरोबर देतात. मध्यम गटातल्या अवघड बाजूला साधारण चार ते सहा महिने, जास्त धोक्याला दीड ते तीन वर्षं. अण्णांना ती लागली नाहीत. इंजेक्शनांनी अंगात गरम वाफा येतात, थकवा येतो, हाडं ठिसूळ होतात, वजन आणि साखर वाढू शकते. घरच्यांना हे आधी माहीत असावं, नाहीतर चिडचिडीचा दोष माणसाला लागतो.

या गटासाठी महत्त्वाचा अभ्यास मुंबईत झाला याचं मला फार समाधान वाटतं. टाटा मेमोरियलनं २२४ रुग्णांत पाहिलं: रेडिएशन फक्त प्रोस्टेटला द्यावं की ओटीपोटातल्या लसिका गाठींनाही (लिम्फ नोड्स)? २०२१ मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी पीएसए काबूत असलेले फक्त प्रोस्टेटवाल्यांत ८१.२ टक्के, गाठींनाही दिलेल्यांत ९५. तोवरचे परदेशी अभ्यास इतकं ठाम काही सांगत नव्हते. आपल्या माणसांवर, आपल्या रुग्णालयात, आपल्या प्रश्नाचं उत्तर.

लांब जावंच लागेल का?

सोलापूर जिल्ह्याला कॅन्सरच्या कामाची परंपरा आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय १९८२ पासून आहे, आणि भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. गावोगाव फिरून कार्यकर्त्यांनी केलेल्या त्या नोंदी जगभरच्या तक्त्यांत गेल्या.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई, हे खरं. पण वीस सिटिंग म्हणजे चार आठवडे तिथे राहणं, बरोबर एक माणूस, खोली, डबा. त्यात कंटाळून मध्येच उपचार सोडला तर ते सगळ्यात वाईट. मला पटलेली वाट अशी. दुसरं मत घ्यायला एकदा मोठ्या केंद्रात जा, कागद दाखवा. आणि उपचार तिथे घ्या जिथे रोज स्कॅन करून आयएमआरटी होतं, असे रुग्ण नेहमी येतात आणि तुम्ही शेवटच्या दिवसापर्यंत न चुकता जाऊ शकता. ते घराजवळ मिळत असेल तर घराजवळ. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्याआधी भेटा, नंतर नव्हे. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता मिळतं.

नातवाला जवळ घेऊ का?

अण्णांनी हे सगळ्यात शेवटी विचारलं, माझ्याकडे न बघता. बाहेरून दिलेल्या रेडिएशननंतर अंगात काहीही उरत नाही. बटण बंद केल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसंच. नातवाला मांडीवर घ्या, एका ताटात जेवा. सुयांच्या ब्रॅकीथेरपीनंतरही तसंच. फक्त कायमचे दाणे ठेवले असतील तर पहिले काही आठवडे लहान मुलांना फार वेळ मांडीवर घेऊ नये आणि गरोदर बाईजवळ फार वेळ बसू नये.

केस? डोक्याचे जात नाहीत. किरण तिकडे गेलेच नाहीत. रेडिएशननं दुसरा कॅन्सर होतो का? लघवीच्या पिशवीचा किंवा गुदाशयाचा होण्याचा थोडा वाढीव धोका असतो, तो बहुधा अनेक वर्षांनी दिसतो. पन्नाशीच्या माणसानं तो हिशेबात धरावा. अण्णांच्या वयात समोरचा रोग मोठा.

वीस दिवस आणि चौकटीचा कागद

अण्णांनी वीसची निवड केली, इथेच. पाचसाठी पुण्याला राहावं लागणार होतं आणि रात्री तीनदा उठण्याचा त्रास त्यांना आधीपासून होता.

रोजचा नियम एकच, पण कडक: गुदाशय रिकामा, पिशवी भरलेली. भरलेल्या पिशवीनं आतडी वर उचलली जातात आणि पिशवीचा बराच भाग झोताबाहेर राहतो. लघवी करून यायचं, मग मोजून पाणी प्यायचं, ठरावीक वेळ थांबायचं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात राहणाऱ्याला पाणी मोजण्याचं वेगळं शिकवावं लागत नाही. बाटलीवर त्यांनी खूणच करून ठेवली होती. खेड्यातून एसटीनं येणाऱ्यांनी मात्र पाणी घरून पिऊन निघू नये, रुग्णालयात पोहोचल्यावर प्यावं. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते रोखून धरणं फार हालाचं होतं.

सातव्या दिवशी स्कॅनमध्ये वायू दिसला आणि त्यांना टेबलावरून उतरवून तासभर फिरायला पाठवलं. आदल्या रात्री हरभऱ्याची उसळ झाली होती. ते वैतागले, मला बरं वाटलं. म्हणजे बघतात, जुळवतात, आणि जुळलं नाही तर देत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात लघवीला जळजळ, दिवसातून दोनदा पातळ शौच. गोळ्यांनी आटोक्यात आलं. संपल्यावर महिना-दीड महिन्यात बहुतेक गेलं. कधीतरी शौचाला रक्त दिसलं तर घाबरून गप्प बसू नका, कळवा, असं त्यांना सांगून ठेवलेलं आहे.

ऑक्टोबरात पीएसए ४.१ आलं. काकूंनी विचारलं, शून्य का नाही? ऑपरेशनमध्ये ग्रंथीच काढतात म्हणून शून्याजवळ जातं. इथे ग्रंथी जागेवर आहे, पेशी सावकाश मरताहेत, आकडा दीड-दोन वर्षं उतरत राहतो. मध्ये एकदा थोडा वर उसळूनही खाली येतो. सर्वांत खालच्या आकड्यापेक्षा दोननं वर चढला तर रोग उलटला असं डॉक्टर धरतात. तोवर एकेका आकड्यानं जीव टांगायचा नाही.

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत एक दिवस काढून तपासलं. २.७. चादरीच्या डिझाइनसाठी वापरतात तो बारीक चौकटींचा कागद अण्णांकडे अजून गठ्ठ्यानं आहे. त्यावर त्यांनी आडवे महिने आणि उभे आकडे मांडले आहेत, एकेक चौकट लाल पेन्सिलीनं भरलेली. ८.६, ४.१, २.७. पुढची चौकट आषाढीनंतरची आहे. तिची जागा त्यांनी आखून ठेवली आहे.